दळवीसाहेबांचे हलते पट्टे

नंदकुमार दळवी हा माणूस मुळात वाईट नव्हता. चूक नेहमी बाहेरून येते, एवढीच त्यांची एक पक्की समजूत होती. सानपाड्याच्या त्यांच्या फ्लॅटचं दार एकदा लागेना झालं. दळवींनी दार तपासलं नाही. अख्खी इमारत खाडीच्या बाजूला कलली आहे असं त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं आणि ओळंबा घेऊन गच्चीवर चढले. इमारत सरळ निघाली. दारामागचं चपलांचं कपाट पुढे आलं होतं, ते त्यांच्या पत्नी गीतांजलीवहिनींनी एका हातानं मागे ढकललं आणि दार लागलं. तेव्हा दळवी म्हणाले, "कपाट पुढे आलं, याचा अर्थ फरशीला उतार आहे." पुढच्या मीटिंगला त्यांनी हा मुद्दा मांडलाही.

मी महाप्याच्या एमआयडीसीत त्यांच्याच कंपनीत स्टोअर्स सांभाळायचो. सुकिरण ऑप्टिक्स. नाव मोठं आणि शेड लहान. आम्ही दुर्बिणीची भिंगं करायचो, घड्याळजी डोळ्याला लावतात ती भिंगं करायचो, शाळांच्या प्रोजेक्टरच्या काचा करायचो. दळवी तपासणी विभागाचे प्रमुख. त्या विभागात ते आणि अस्मिता नावाची एक शांत मुलगी, एवढी दोनच माणसं. काच घासून आली की ती बरोबर आहे की नाही हे दळवी ठरवायचे, आणि नसली तर घासणाऱ्याला सांगायचे की चूक तुझ्याकडून आली. तिथे त्यांचा स्वभाव आणि त्यांचं काम यांचं छान जमलेलं होतं.

शहाण्णव साली आमचे मालक जयप्रकाशसाहेब सिंगापूरहून एक काम घेऊन आले. तिथली एक कंपनी चिपच्या कारखान्यांसाठी यंत्रं बनवायची. साहेबांनी आम्हा सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवून समजावलं. कॉम्प्युटरची चिप सिलिकॉनच्या एका चकतीवर बनते. ती चकती पापडाएवढी आणि आरशासारखी चकचकीत असते. तिच्यावर एकावर एक असे बारीक नक्षीचे थर छापतात. दुसरा थर पहिल्यावर बरोबर बसला नाही तर काय होतं? स्वस्तातल्या कॅलेंडरवर लक्ष्मीची लाली ओठ सोडून गालावर छापलेली असते, तसं होतं. फरक इतकाच, की कॅलेंडर तरीही भिंतीवर लागतं, चिप मात्र कचऱ्यात जाते. म्हणून ते यंत्र आधी लेझरचा उजेड टाकून चकती नेमकी कुठे आहे हे पाहतं. तो उजेड काचेच्या एका खिडकीतून जातो. ती खिडकी आम्ही करायची होती.

"खिडकी सपाट पाहिजे," साहेब म्हणाले.

"आपल्या काचा सपाटच असतात," दळवी म्हणाले.

"तशी सपाट नाही. नवी मुंबईएवढी काच केली, तर तिच्यावर सुपारीएवढाही उंचवटा चालणार नाही, अशी सपाट."

आमचा शिपाई विलास हळूच म्हणाला, "सुपारी ठेवायची कशाला पण?"

इतका सपाटपणा पट्टीनं मोजता येत नाही, उजेडानंच मोजावा लागतो. त्यासाठी साहेबांनी परदेशातून एक जुनं यंत्र आणवलं. त्याचं नाव इंटरफेरोमीटर. लेझरचा तांबडा उजेड एका अस्सल सपाट काचेवरून आणि आमच्या काचेवरून असा दोन्हीकडून परतून एकत्र येतो. दोन लाटा जिथे जुळतात तिथे उजळ दिसतं, जिथे एकमेकींच्या उलट पडतात तिथे काळं. त्यामुळे छोट्या टीव्हीवर काळे-पांढरे पट्टे उमटतात. पट्टे कंगव्याच्या दातांसारखे सरळ आले तर काच सपाट, वाकडे आले तर काच परत घासायला. नाव कुणालाच नीट घेता येईना, म्हणून सगळे त्या यंत्राला 'पट्टेवाला' म्हणू लागले. विलासला हे आवडलं नाही. कारण 'पट्टेवाल्याला पुसून घ्या', 'पट्टेवाल्यावर चादर टाका' अशी वाक्यं दिवसभर त्याच्या कानावर पडत, आणि पट्टेवाला म्हणजे शिपाई हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

यंत्र माडीवरच्या खोलीत बसवलं. दळवींनी पहिली काच ठेवली, समोर स्टुलावर बसले आणि टीव्ही लावला. पट्टे आले. पण ते थरथरत होते, पाण्यावर सावली हलावी तसे. सरळ की वाकडे हे सांगायला ते एका जागी थांबायला तरी हवेत ना? मध्येच एखाद्या वेळी सगळे पट्टे एकदम उडी मारत आणि मग पुन्हा थरथरू लागत.

नेमका तेव्हाच बाजूच्या शेडमधून आवाज आला, धाड्. पट्ट्यांनी उडी मारली.

दळवींचा चेहरा उजळला. चूक बाहेरून येत होती, आणि कुठून येते तेही कळलं होतं.

बाजूची शेड धर्मराज मढवींची. बोनकोड्याचे मढवी. वडिलांची भातशेती नव्या शहरात गेली. मग धर्मराजशेठनी आधी चाळ बांधली, मग ट्रक घेतले आणि शेवटी तापलेलं लोखंड ठोकून ट्रकचे भाग बनवण्याचा कारखाना टाकला. त्यात एक अजस्र यांत्रिक हातोडा होता. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालायचे आणि पाहुणे आले की आधी तोच दाखवायचे.

साहेबांनी दळवींना त्यांच्याकडे पाठवलं आणि सोबत मला दिलं. मी सारसोळ्याचा, म्हणजे गाववाला, तेव्हा मी बोललो की काम होईल असा त्यांचा हिशोब. आम्ही कोळी, मढवी आगरी, आणि आमच्या दोन गावांमध्ये मासे सोडून कशाचाच व्यवहार नव्हता, हे मी साहेबांना सांगितलं नाही.

धर्मराजशेठ पांढऱ्या कपड्यांत पंख्याखाली बसले होते. गळ्यातली साखळी जाड होती. त्यांनी मला विचारलं, "सारसोल्याचा कोनाचा तू?" मी सांगितलं. ते म्हणाले, "तुझा आजोबा आमच्या आज्याकरून सुक्या बोंबलाचं जास्ती घ्यायचा." एवढं बोलून त्यांनी चहा सांगितला. संबंध जुळले होते.

दळवींनी सरळ मुद्द्याला हात घातला. "शेठ, तुमच्या हातोड्यामुळे आमचा उजेड हलतो."

"उजेड?"

"हो."

"उजेड कसा हालंल?" धर्मराजशेठनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. "माझा हातोरा हितं हाय, तुमची काच थितं हाय. मधी दोन भिती हायत. मी काय तुमच्या काचेला मारतो काय?"

दळवींनी खरवसाचं उदाहरण दिलं. ही सगळी नवी मुंबई खाडीच्या चिखलावर उभी आहे, म्हणाले. खरवसाच्या वडीला एका टोकाला सुरी लावली की दुसरं टोक हलतं, तसं हे आहे. महापे डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि तिथे खाली दगड लागतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण खरवस म्हटल्यावर धर्मराजशेठ थोडे नरमले.

"दाखवा," ते उठत म्हणाले. "माझा हातोरा उजेडात दिसतो का, मना बघायचाच हाय."

ते आले. विलासनं त्यांना टोपी आणि कापडी मोजे घातले. दळवी स्टुलावर बसले आणि टीव्ही लावला. पट्टे थरथरत होते. बाजूनं धाड् झालं आणि पट्टे उडाले.

धर्मराजशेठ खिडकीशी गेले आणि आपल्या माणसाला हाक मारून म्हणाले, "कृष्णात, आजून एक मार." कृष्णातनं मारला. पट्टे उडाले. "आता जोरान मार." पट्टे जास्त उडाले. धर्मराजशेठ टीव्हीसमोर तसेच उभे राहिले. एवढी वर्षं त्यांचा हातोडा फक्त कानाला कळत होता. आज तो त्यांना डोळ्यांनी दिसला.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या मेहुण्याला घेऊन आले. नंतर त्यांचे दोन व्याही आले. मग बोनकोड्याच्या भजनी मंडळातले काही लोक आले. जयप्रकाशसाहेबांना हे आवडत नव्हतं, पण ज्याच्याकडे काम अडलंय त्याला माडीवर येऊ नका कसं म्हणणार? शेवटी धर्मराजशेठ आपल्या आईला घेऊन आले. पुतळाआय. नऊवारी काष्टा, अंबाड्यात अबोली आणि पायात विलासनं चढवलेले कापडी मोजे. दळवींनी स्टुलावर बसून यंत्र सुरू केलं. हातोडा तेव्हा जेवणासाठी बंद होता, तरी पट्टे थरथरत होते.

पुतळाआय बराच वेळ बघत राहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "जिता हाय यो." आणि त्यांनी हात जोडले.

धर्मराजशेठनी त्या दिवसापासून दुपारी काही वेळ हातोडा बंद ठेवायचं कबूल केलं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. स्वतःच्या खर्चानं त्यांनी हातोड्याभोवती चर खणून घेतला आणि त्यात वाळू भरली. "आयेनं हात जोरलेत," ते म्हणाले. "आता त्याला त्रास नको."

उडी थांबली. थरथर थांबली नाही.

दळवींना झोप लागेना. मग त्यांनी एकेक गुन्हेगार शोधायला सुरुवात केली. आधी पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणी. तिथे सुट्टी असते त्या दिवशी ते मुद्दाम कामावर आले. पट्टे थरथरत होते. मग रस्त्यावरचे डंपर. मग खालच्या मजल्यावरचा एअर कंडिशनर. तो बंद केल्यावर अकाउंट्सची माणसं घामानं भिजली, पट्टे मात्र तसेच. मग कॅन्टीनचा मिक्सर. चटणी पाट्यावर वाटायचा हुकूम निघाला आणि कॅन्टीनवाला हौसेराव नोकरी सोडण्याच्या गोष्टी करू लागला. मग चालणारी माणसं. माडीवर कुणी बूट घालून यायचं नाही, जिना चढताना टाच टेकवायची नाही, दार लोटताना श्वास रोखायचा. जयप्रकाशसाहेब स्वतः हातात जोडे धरून, नुसत्या मोज्यांवर वर यायचे. घरात तान्हं मूल निजलंय आणि त्याची आई रागीट आहे, अशी आमची सगळी कंपनी वागत होती. सगळे चवड्यांवर. आणि या शांततेच्या मधोमध दळवी स्टुलावर बसलेले, टीव्हीकडे डोळे लावून, समोर थरथरणारे पट्टे.

शेवटी ते स्टोअर्सला आले आणि माझ्याकडे स्कूटरच्या ट्यूब मागितल्या.

"कशाला?"

"ट्यूबवर ग्रॅनाइटची लादी ठेवायची आणि लादीवर यंत्र. म्हणजे जमिनीतून आलेला हादरा हवेत विरघळतो. परदेशातही करतात."

आम्ही तसं केलं. यंत्र आता बाळंतिणीसारखं गाद्यांवर बसलं. दळवी समोर बसले. पट्टे आधीपेक्षा जोरात हलू लागले.

त्याच आठवड्यात त्यांच्या चुलतभावाचं लग्न होतं, पाटणला. सिंगापूरचा माल द्यायची मुदत डोक्यावर होती आणि दळवी जायला तयार नव्हते. गीतांजलीवहिनींनी फोनवर साहेबांनाच सांगितलं, की हे आले नाहीत तर मीही पुढच्या महिन्यात सासूबाईंकडे एकटी जाणार नाही, मग सासूबाई इकडे येतील, आणि त्या सगळं मोजतात. साहेबांनी दळवींना रजा दिली. जाताना दळवींनी अस्मिताला बजावलं, "काही हात लावू नकोस. हलत असताना मोजलं तर आकडे खोटे येतील."

ते परत आले तेव्हा तयार काचांचे डबे पॅक होऊन माझ्या स्टोअर्सला लागलेले होते. ते धावतच माडीवर गेले, टाचा टेकवत. मीही मागून गेलो, मला सह्या हव्या होत्या.

"हे सगळं मोजलंस तू?" त्यांनी अस्मिताला विचारलं.

"हो, सर. पट्टे शांत होते."

"म्हणजे हातोडा बंद असणार."

"नाही, सर. मढवीशेठना मोठी ऑर्डर आली, ते दुपारचेही चालवत होते. ट्यूब लावल्यापासून उडी फारशी जाणवत नाही."

"मग खाण बंद असेल."

"चालू होती."

"एसी?"

"चालू. हौसेरावांचा मिक्सरही चालू होता. तुम्ही गेलात तशी सगळ्यांनी बूट घातले."

दळवी स्टुलावर बसले. त्यांनी टीव्ही लावला. पट्टे आले आणि थरथरायला लागले. त्यांनी विजयी नजरेनं अस्मिताकडे पाहिलं. "बघ. कुठे शांत आहेत?"

अस्मितानं टीव्हीकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. मीही खाली पाहिलं. दळवींचा उजवा पाय चवड्यावर टेकलेला होता आणि शिलाई मशीन चालावं तसा गुडघा वरखाली होत होता. स्टुलाखालच्या जमिनीच्या लाकडी फळ्या त्याच्याबरोबर हलत होत्या, फळ्यांबरोबर माडी, आणि माडीबरोबर स्कूटरच्या ट्यूबवर अलगद झुलणारं ते यंत्र.

"सर," अस्मिता म्हणाली, "पाय."

"काय पाय?"

"तुमचा."

दळवींनी खाली पाहिलं. पाय थांबला. टीव्हीवरचे पट्टे एकदोनदा हेलकावले आणि थांबले. सरळ, काळे-पांढरे, कंगव्यासारखे. तेवढे सुंदर पट्टे मी त्यानंतर फार क्वचित पाहिले. मग पाय पुन्हा सुरू झाला, दळवींना न विचारता, आणि पट्टेही सुरू झाले.

"ट्यूबमध्ये हवा कमी असेल," दळवी म्हणाले. पण त्यात जीव नव्हता. जरा वेळानं ते उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि तिकडेच तोंड करून म्हणाले, "साहेबांना मी सांगतो. तुम्ही नका सांगू."

घरी त्यांनी वहिनींना सांगितलं. हे मला नंतर वहिनींकडूनच कळलं. त्या पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं, भिंतीला टेकल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "लग्न झाल्यापासून मी तुमच्या वाटीत आमटी अर्धीच का वाढते, हे तुम्ही कधी विचारलंत का?" त्या म्हणाल्या. दळवींनी खरंच कधी विचारलं नव्हतं. त्यांना वाटायचं घरात आमटी कमी होते.

जयप्रकाशसाहेब ओरडले नाहीत. त्यांनी नुसते जोडे घातले आणि खणखण वाजवत जिना उतरून गेले.

सगळ्यात कठीण काम पुढे होतं. धर्मराजशेठना सांगायचं होतं. "कशाला सांगायचं?" असं मी दळवींना म्हणालो. "त्यांनी चर खणलाय," दळवी म्हणाले. पुन्हा आम्ही दोघं गेलो. पुन्हा चहा आला. दळवींनी सगळं सांगितलं, खरवस वगळून.

धर्मराजशेठ ऐकत राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा पडला.

"म्हंजे माझा हातोरा दिसतच नव्हता?"

"दिसत होता," दळवी घाईनं म्हणाले. "उडी तुमची होती. थरथर माझी."

"उरी माझी?"

"शंभर टक्के तुमची."

शेठना जरा बरं वाटलं. त्यांनी चहाचा घोट घेतला. मग कप अर्ध्यावरच थांबला.

"पन आय आली तवा हातोरा बंद होता."

दळवींनी कपाची बशी सरळ केली.

"जेवनाची सुट्टी होती," शेठ म्हणाले. "आयेनं हात जोरले, ते कशाला?"

दळवींनी माझ्याकडे पाहिलं. मी या वेळीही कपात पाहिलं.

"सायेब, तुमी माझ्या आयेला तुमचा पाय दाखवला?"

शेठ उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. आता मारामारी होते की काय या विचारानं मी कप खाली ठेवला. पण त्यांचे खांदे हलत होते. हसू त्यांना आवरेना. कृष्णातला आत बोलावून त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, आणि 'पाय' या शब्दाशी आले की त्यांना पुढे बोलता येईना. हातोडा बंद पडला, कारण तो चालवणारी माणसं दारात येऊन उभी राहिली होती.

शेवटी डोळे पुसत ते म्हणाले, "मी आयेला सांगनार नाय. तुमीच सांगा. घरला चला."

बोनकोड्याला त्यांचा तीन मजली बंगला होता, पण पुतळाआय पुढच्या ओटीवरच बसायच्या. समोर सुपात कोलीम, म्हणजे जवळ्याहून बारीक कोळंबी, पसरलेला. दळवींनी आधी वाकून नमस्कार केला. हिशोब बरोबर व्हावा असा त्यांचा विचार असावा. मग त्यांनी जवळच्या खुर्चीवर बसून, साहेबासमोर बोलावं तसं सगळं सांगितलं.

पुतळाआयना इंटरफेरोमीटर किती कळला असेल देव जाणे. त्यांनी एकच विचारलं, "कनचा पाय?"

"उजवा."

त्यांनी उजव्या पायाकडे पाहिलं. तो तेव्हाही हलत होता. त्यांनी कोलीम लागलेला हात पुढे केला, गुडघ्यावर ठेवला आणि हट्टी वासराला दाबावं तसा दाबला. "गप ऱ्हा," त्या पायाला म्हणाल्या. पाय गप्प झाला. मग त्या दळवींना म्हणाल्या, "पाय हालवू नं, पोरा. लक्षुमी जाते."

हे वाक्य दळवींनी जन्मभर ऐकलेलं असणार. दर वेळी त्यांनी काही ना काही कारण सांगितलं असणार. त्या दिवशी ते म्हणाले, "बरं, आई." परत येताना स्कूटरवर त्यांच्या पॅन्टला कोलमाचा वास येत होता आणि मला तो घरच्यासारखा वाटत होता.

पाय मात्र एका दिवसात सुधारणारा नव्हता. दळवी उभ्यानं मोजू लागले, तर कंबरेतून डोलायचे. वहिनींनी ओढणीनं पाय स्टुलाला बांधायला सुचवलं. ते ओढणी विसरून उठले आणि अस्मिताच्या टेबलावर पडले. अखेर एक उपाय लागू पडला. मी त्यांना स्टोअर्समधून एक रुंद लाकडी चौरंग काढून दिला. त्यावर ते मांडी घालून बसायचे, दोन्ही पाय एकमेकांखाली अडकवून, ताठ, समोर टीव्ही. पट्टे स्थिर राहायचे. माडीवर कुणी नवखा आला की त्याला वाटायचं इथे सत्यनारायण चालू आहे. एकदोघांनी खरोखर चपला बाहेर काढल्या.

पुढे सिंगापूरच्या त्या कंपनीचा तपासनीस आला. मिस्टर लिम, गोरा, नीटनेटका, कमी बोलणारा. आमचं सगळं भवितव्य त्याच्या एका होकारावर होतं. साहेबांनी चौरंग लपवायला सांगितलं. दळवी नाही म्हणाले. "मोजणं खोटं होईल," म्हणाले. तेव्हा लिमसाहेब आत आले तर तपासणी विभागाचे प्रमुख मांडी घालून बसलेले. त्यांनी विचारलं, असं का? साहेबांनी घाईनं योगासनांबद्दल बोलायला सुरुवात केली. दळवींनी त्यांना थांबवलं.

"मला पाय हलवायची सवय आहे," ते साध्या इंग्रजीत म्हणाले. "त्यानं पट्टे हलतात. म्हणून मी पाय अडकवून बसतो."

लिमसाहेबांनी मान डोलावली, वहीत काही लिहिलं नाही आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. दळवींनी काच ठेवली. पट्टे आले, सरळ आले. आणि थरथरू लागले.

दळवींनी आधी स्वतःचे पाय चाचपले. ते जागेवर होते. मग त्यांनी अगदी सावकाश मान वळवली. लिमसाहेबांचा काळा चकचकीत बूट चवड्यावर टेकून वेगानं हलत होता. साहेबांनीही ते पाहिलं आणि डोळे मिटले. ज्याच्या सहीवर कारखाना चालणार, त्याला पाय हलवू नका कसं सांगायचं?

दळवी चौरंगावरून उतरले. त्यांनी चौरंग दोन्ही हातांनी सरकवून लिमसाहेबांसमोर ठेवला आणि म्हणाले, "सर, दोघांपुरती जागा आहे."

लिमसाहेबांनी टीव्हीकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं, आणि त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी बूट काढले. दोघं चौरंगावर खांद्याला खांदा लावून मांडी घालून बसले, आणि सगळ्या काचा तशाच तपासून झाल्या. हौसेरावांनी चहा तिथेच नेऊन दिला. निघताना लिमसाहेब म्हणाले, माझ्या बायकोलाही हे दाखवायला हवं होतं. दोन बायकांची गाठ पडती तर काय झालं असतं, असं दळवी मला नंतर म्हणाले.

काम टिकलं. नुसतं टिकलं नाही, वाढलं. दळवींनी विभागाची सगळी घडी अस्मिताला समजावली आणि यंत्रावर तिलाच बसवलं. स्वतः ते बाहेर बसून आकडे पाहू लागले, तिथे पाय मोकळा सोडता यायचा. तपासणीला आणखी माणसं हवी होती, तेव्हा मुलाखती घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांची पद्धत वेगळी होती. ते उमेदवारांना गेटजवळच्या बाकावर बसवून ठेवायचे, लगेच आत बोलावायचे नाहीत. पाण्याचा ग्लास देण्याच्या निमित्तानं विलासला पाठवायचे आणि तो बाकाखाली बघून यायचा. फार शिकलेली, हुशार माणसं अशी बाहेरच्या बाहेर परत गेली, आणि का गेली ते त्यांना कधी कळलं नाही.

एक जण मात्र विलासला फार पसंत पडला. जोतीराम नाव, ठाण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातला, चाळिशीचा गृहस्थ. विलास धावत आला. "साहेब, हा दगडासारखा बसलाय. एक बोट हलवत नाही." दळवींनी त्याला पाहण्याआधीच घ्यायचं ठरवलं. मग ते त्याला बोलवायला स्वतः बाहेर गेले, आणि त्याला जागं करावं लागलं.

तरी त्यांनी त्याला घेतला. "झोपेतही पाय हलवणारी माणसं असतात," ते म्हणाले, "मला वहिनींनी सांगितलंय."

"कोणत्या वहिनींनी?" मी विचारलं.

"तुमच्या," दळवी म्हणाले. आपल्याच बायकोला आपण वहिनी म्हटलंय, हे त्यांना बऱ्याच वेळानं उमगलं.